आर्लिसचा खुबा आणि बंद खिडकी

व्हर्न टॉलेफ्सनला एवढंच करायचं होतं की बायकोचं आणि आपलं नाव एका आरोग्यविम्यात घालायचं. बस्स. घर बांधायचं नव्हतं, निवडणूक लढवायची नव्हती. एक नाव, खाली दुसरं नाव, आणि सही. पण एवढ्याशा कामापायी हा माणूस पुढे मासे धरायच्या खोपट्यात राहिला, रेवाचिनीची चोरी करायला गेला आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी आपल्याला तुरुंगात टाका म्हणून पोलिसांच्या विनवण्या करत बसला. अमेरिकेतल्या आमच्या नॉर्डबी गावात असल्या गोष्टी फारशा घडत नाहीत. घडल्या तरी कोणी बोलून दाखवत नाही.

झालं असं की त्याची बायको आर्लिस टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कचेरीत होती. व्हर्न घरोघरी, चर्चोचर्ची हिंडून पियानो सुरात लावायचा. त्या धंद्यात विमा कुठला मिळायला? दोघांचा विमा आर्लिसच्या नोकरीतून. मार्चमध्ये कारखान्याच्या मालकांनी टर्क्यांसकट गाशा गुंडाळला आणि ते दुसऱ्या राज्यात गेले. नोकरी गेली, तिच्या मागोमाग महिनाअखेरीला विमा गेला. आणि आर्लिसचा उजवा खुबा तर आधीच गेलेला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं, सांधा पार झिजलाय, बदलायलाच हवा. ऑपरेशनची तारीख ठरली होती. ती तारीख आता रद्द झाली. विमा आला की नवी देऊ, असं दवाखान्यातली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली.

"कसा आहे गं खुबा?" कोणीही विचारलं की आर्लिस म्हणायची, "तसा बरा आहे. याहून वाईट लोकांचं असतं."

आता सरकारचा नियम असा, की नोकरीबरोबर विमा गेला तर साठ दिवस खिडकी उघडी राहते. तेवढ्यात नवा विमा घ्यायचा. नाही घेतला तर खिडकी बंद, मग थेट नोव्हेंबर. नोव्हेंबरात सगळ्यांसाठीच उघडते, पण तेव्हा घेतलेला विमा लागू होतो नव्या वर्षात. साठ दिवस म्हणजे काही कमी नाहीत. एखादा शहाणा माणूस पहिल्या आठवड्यात मोकळा झाला असता. पण व्हर्न नुसता शहाणा नव्हता, त्याला नीट समजून घ्यायचं होतं. चर्चमध्ये मदत करायला एक बाई येते, ती फुकट सगळं भरून देते, असं आर्लिसने सुचवूनही पाहिलं.

"मी चाळीस वर्षं नुसत्या कानाने पियानो लावतोय," व्हर्न म्हणाला. "मला काय चार कागद वाचता येत नाहीत?"

वाचता आले. समजले नाहीत. विमे तीन रंगांचे होते, कांस्य, रौप्य आणि सुवर्ण, जत्रेत वळूंना बक्षिसं देतात तसे. व्हर्नला वाटलं सुवर्ण म्हणजे चांगला. मग कळलं, दर महिन्याला सर्वांत जास्त पैसे घेतो तो सुवर्ण. कांस्य स्वस्त, पण त्यात आधी स्वतःच्या खिशातून इतकं भरायचं की तोवर माणूस बरा तरी होतो किंवा जातो तरी, आणि दोन्हीकडून विमा कंपनी सुटते. शिवाय कुठल्या विम्यात कुठले डॉक्टर चालतील त्याच्या याद्या वेगळ्याच. आर्लिसचे हाडांचे डॉक्टर एका यादीत होते, पण त्यांचं हॉस्पिटल दुसऱ्या यादीत. आणि भूल देणारा कुठल्याच यादीत नव्हता. म्हणजे डॉक्टर हजर, खाट नाही, आणि खाट मिळाली तर शुद्धीवर राहून कापून घ्यायचं. जुनाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचीही एक सोय होती. त्याचा हप्ता वाचून व्हर्नला वाटलं, छापणाऱ्याने वर्षाचा आकडा चुकून महिन्याच्या रकान्यात टाकला असावा. त्याने ती चूक कळवायला फोनही केला. चूक नव्हती.

त्यात भर शेजाऱ्याची. डुएन स्कोगलँड हा आमच्या गल्लीतला सर्वज्ञ. गवत कापायच्या गाडीवर बसून तो दिवसभर स्वतःच्या अंगणात गोल गोल फिरतो आणि व्हर्नच्या कुंपणापाशी आला की यंत्र बंद करून सल्ला देतो.

"कांस्य घे, डोळे मिटून," डुएन म्हणाला. "सुवर्ण घेणारे मूर्ख. दवाखान्यात जायचंच नाही, असा विचार करून विमा घ्यायचा असतो."

"अरे पण आम्हाला दवाखान्यात जायचंय. तिचा खुबा आहे."

"तिथेच तुमचं चुकतं," म्हणून डुएनने यंत्र चालू केलं आणि तो दुसऱ्या फेरीला गेला.

दुसरीकडे लव्हॉन, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. ती म्हणाली रौप्य घ्या, सरकार रौप्यवाल्यांनाच जास्तीची सवलत देतं. हे खरं होतं, पण लव्हॉनने हे तिच्या बहिणीच्या गर्भाशयाच्या संपूर्ण इतिहासासह सांगितलं, त्यामुळे व्हर्नचं मूळ मुद्द्याकडे लक्षच राहिलं नाही. तो खाली मान घालून कॉफीकडे बघत राहिला. दुपारी पुन्हा डुएन. असा एप्रिल गेला, मे निम्मा गेला, आणि आर्लिस जिन्याचा कठडा जरा जास्तच घट्ट धरायला लागली. व्हर्नचं तिकडे लक्ष नव्हतं. तो याद्या ताडून बघत होता.

शेवटी मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा व्हर्नने विम्याच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे शॉन्ड्रा नावाची बाई होती, दक्षिणेत कुठेतरी बसलेली, बोलायला लोण्यासारखी मऊ. तिने पंधरा मिनिटांत सगळा गुंता सोडवला. डॉक्टर, हॉस्पिटल आणि भूल देणारा असे तिन्ही एका यादीत असलेला एक रौप्य विमा खरोखरच होता. हप्ता झेपण्यासारखा होता. व्हर्नच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मग घालू का नावं आत्ताच?" शॉन्ड्रा म्हणाली. "पाच-दहा मिनिटांचं काम आहे."

"छे छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

"अहो, त्रास कसला त्यात? माझं कामच आहे ते. घालू?"

"नको हो. तुमच्याकडे रांग लागली असेल. आमच्याहून गरजू लोक असतील."

इथे आमच्या गावची रीत सांगायला हवी. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी कॉफीसुद्धा घेत नाही. पहिल्यांदा 'नको नको'. दुसऱ्यांदा 'कशाला त्रास घेता'. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, 'बरं, केलीच असेल तर अर्धा कप,' आणि मग तीन कप पितो. लहान मुलांनासुद्धा हे कळतं. पहिल्याच फटक्याला 'हो' म्हणणारा माणूस आमच्याकडे एकतर परगावचा असतो किंवा उपाशी. व्हर्नने दोन नकार अगदी व्यवस्थित दिले, घसा खाकरला आणि तिसऱ्या विचारण्याची वाट बघत तो थांबला. 'बरं, एवढं म्हणताच आहात तर' हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं.

"बरं तर," शॉन्ड्रा म्हणाली. "विचार करा आणि मुदतीच्या आत फोन करा हं. देव तुमचं भलं करो!" आणि फोन ठेवला.

व्हर्न कानाला फोन लावून तसाच उभा राहिला.

"झालं का रे?" स्वयंपाकघरातून आर्लिसने विचारलं.

"झाल्यातच जमा आहे. एकदा अजून विचारेल ती. बाई चांगली आहे."

"तू नाही म्हणालास?"

"नाही कसा म्हणेन? दोनदाच म्हणालो."

आर्लिसला यात काही वावगं वाटलं नाही, हे लक्षात घ्या. तीही इथलीच. दोघं वाट बघत बसली. एकदा फोन वाजला, व्हर्न धावला, तर छपराच्या पन्हळी साफ करून देणारा. स्वतःहून पुन्हा फोन करायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही, पण तो फोन करणं म्हणजे मागून घेणं. आमच्याकडे पंगतीत दुसऱ्यांदा हवं असेल तरी माणूस भांड्याकडे नुसता प्रेमाने बघतो. मध्ये मेअखेरची सुट्टी आली, सगळं बंद. सुट्टी संपल्यावर काळजावर दगड ठेवून व्हर्नने फोन केला. या वेळी पलीकडे एक तरुण होता. त्याच्या आवाजात लोणी नव्हतं.

"तुमची खिडकी बंद झाली, सर."

"कधी?"

"सुट्टीत."

"सुट्टीत सगळं बंद होतं ना?"

"हो सर. खिडकीसुद्धा."

व्हर्नने कपाळाला हात लावला. शॉन्ड्राबाईंना बोलवा म्हणाला. तिथे शेकडो बायका होत्या आणि त्यात शॉन्ड्रा कितीतरी. मग त्या तरुणाने यंत्रासारखं सांगितलं की आयुष्यात काही मोठी घटना घडली तर खिडकी मध्येच पुन्हा उघडू शकते, आणि त्या घटना वाचून दाखवल्या. व्हर्नने त्या तशाच कुंपणापाशी डुएनला सांगितल्या. ही त्याची या प्रकरणातली दुसरी मोठी चूक.

"लग्न," व्हर्न म्हणाला.

"झालंय तुझं. पुढचं?"

"मूल."

दोघांनी वळून आर्लिसकडे पाहिलं. ती एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने टोमॅटोला पाणी घालत होती.

"पुढचं," डुएन म्हणाला.

"दत्तक."

"आमचा थोरला घेतोस? चाळीस वर्षांचा आहे. वाईट नाही, नुसता बसून असतो."

"दुसरीकडे राहायला जाणं. म्हणजे जिल्हा बदलायला हवा."

हे ऐकताच डुएन गवताच्या गाडीवरून खाली उतरला. तो खाली उतरला म्हणजे प्रकरण गंभीर असतं. त्याचं मासे धरायचं खोपटं त्याच्या भावाच्या शेतात, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे उभं होतं. खोपटं म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. हिवाळ्यात ती गोठलेल्या तळ्यावर ओढून नेतात, आत शेगडी पेटवून बसतात आणि जमिनीला पाडलेल्या भोकांतून खाली बर्फात गळ सोडतात. उन्हाळ्यात तिला कोणी विचारत नाही. "एक महिना राहा," डुएन म्हणाला. "भाडं नको. भोकं तेवढी सांभाळा."

व्हर्नने तीनदा नको म्हटलं, डुएनने चारदा आग्रह केला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टॉलेफ्सन कुटुंब घरदार सोडून परजिल्ह्यात गेलं, घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. खोपट्याला पायऱ्या नव्हत्या, एक उलटी बादली होती. आर्लिसला त्यावरून चढवताना व्हर्न मागून ढकलत होता आणि डुएन आतून ओढत होता. "जपून, जपून," दोघं एकमेकांना सांगत होते. "दुखलं का?" असं कोणी विचारलं नाही, आणि आर्लिसने सांगितलंही नाही. ती आत गेली आणि बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली.

"छान आहे," मग म्हणाली. "माशांचा वास येतो, पण छान आहे."

आता नव्या पत्त्याचा पुरावा हवा. विजेचं बिल हवं तर वीज नाही. भाडेपट्टा हवा तर भाडं नाही. निदान नावावर आलेलं टपाल तरी दाखवा, असं विमावाले म्हणाले. डुएनने शेताच्या कडेला खांब ठोकून पत्रपेटी लावली आणि व्हर्न-आर्लिस रोज तिच्याकडे डोळे लावून बसू लागले. डासांनी उच्छाद मांडला. व्हर्नची उजवी सपात भोकातून खाली गेली ती कुत्र्याने पळवली. शेवटी टपाल आलं. दफनभूमीत आपली जागा आगाऊ राखून ठेवा, अशी जाहिरात होती. वयाची अट नाही, तब्येतीची चौकशी नाही, आणि नोंदणी बारा महिने चालू. अख्ख्या अमेरिकेत ज्याची खिडकी कधीच बंद होत नाही असा एवढा एकच व्यवहार व्हर्नला सापडला होता. त्याने ती जाहिरात पुरावा म्हणून पाठवून दिली.

ती मंजूरही झाली. पत्ता मान्य. व्हर्न आनंदाने ओरडणार तोच फोनवरच्या बाईने विचारलं, "जागा बदलण्याआधी तुमचा कुठला विमा होता?"

"कुठलाच नव्हता. म्हणून तर आलो ना इथे!"

"मग नाही चालणार. जागा बदलणाऱ्याकडे आधीपासून विमा असावा लागतो."

"म्हणजे विमा मिळवायला विमा पाहिजे?"

"बरोबर," बाई म्हणाली. आपलं म्हणणं कोणाला तरी कळलं याचा तिला आनंद झालेला दिसला.

त्या दिवशी दोघं घरी परतली. गाडीत आर्लिस पुढच्या सीटवर तिरकी बसली होती, कारण आता तिला सरळ बसता येत नव्हतं. व्हर्नला ते दिसलं, आणि त्याला स्वतःची इतकी चीड आली की पुढचं गाव येईपर्यंत तो वायपर चालू ठेवून गाडी हाकत होता. पाऊस नव्हता.

यादीत आता एकच घटना उरली होती. घरातला कोणी तुरुंगातून सुटून आला तर त्याच्या घरच्यांसाठी खिडकी उघडते. डुएनने ती वाचली. "एक रात्र," तो म्हणाला. "लोक हौसेनं तंबूत राहतात."

व्हर्नने आयुष्यात कधी ग्रंथालयाचं पुस्तक उशिरा दिलं नव्हतं. गुन्हा करायचा म्हणजे काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने आग विझवायच्या नळासमोर, जिथे बंदी असते तिथेच, गाडी लावली. संध्याकाळी परत आला तर काचेवर चिठ्ठी, 'व्हर्न, चावी आतच राहिली होती, म्हणून गाडी घराजवळ नेऊन ठेवली. कर्टिस.' कर्टिस बो हा आमचा पोलीस. दुसऱ्या दिवशी व्हर्नने तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडी सुसाट सोडायचं ठरवलं, पण ती जुनी गाडी उतारावरसुद्धा मर्यादेच्या आतच राहिली आणि कर्टिसने समोरून येताना हात हलवला. तिसऱ्या दिवशी तो भरदुपारी एका बाईच्या परसात घुसला आणि तिची रेवाचिनी, म्हणजे लाल देठांची आंबट भाजी, उपटू लागला. बाई धावत बाहेर आली. "अगं बाई, व्हर्न! बरं झालं आलास. या वर्षी इतकी माजलीय की खपतच नाही!" असं म्हणून तिने दोन पिशव्या भरून दिल्या आणि वर तिची गोड पेस्ट्री करायची कृती सांगितली.

दोन्ही पिशव्या घेऊनच व्हर्न पोलीस ठाण्यात गेला.

"कर्टिस, मला आत घाल."

"काय झालं, व्हर्न?"

"चोरी केली. हा बघ मुद्देमाल."

कर्टिसने पिशवीत डोकावून पाहिलं. "छान आहे रेवाचिनी. कॉफी घेणार?"

"नको."

"घे रे."

"अरे मला कॉफी नको, कोठडी हवी!" व्हर्न ओरडला. आमच्या गावच्या ठाण्यात कोणी ओरडायची ती पहिलीच वेळ असावी, कारण आतला कारकून कोण आलं म्हणून बाहेर बघायला आला. मग व्हर्नने सगळं सांगून टाकलं. शॉन्ड्रा, खोपटं, दफनभूमी, सगळं. कर्टिसने मन लावून ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"एक रात्र बसवून ठेवून चालत नाही, व्हर्न. खटला व्हायला हवा, शिक्षा व्हायला हवी. न्यायाधीशांच्या तारखा तर आता ऑक्टोबरच्या पुढे मिळतायत." त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "तोवर नोव्हेंबर येतोच की."

म्हणजे तुरुंगालासुद्धा रांग होती.

कर्टिस वाईट माणूस नाही. त्याला फार वाईट वाटलं, आणि आमच्याकडे माणसाला वाईट वाटलं की तो लव्हॉनला सांगतो. दोन दिवसांत पेट्रोल पंपावर, बँकेत आणि मासे विकणाऱ्याच्या दुकानात पिवळे कागद लागले. 'आर्लिसच्या खुब्यासाठी सहभोजन. चर्चचं तळघर. ऐच्छिक देणगी.' वर आर्लिसचा फोटो, कुठल्यातरी जुन्या सहलीतला, वाऱ्याने केस उडालेला. पेट्रोल पंपाच्या गल्ल्यापाशी तर तोच फोटो चिकटवलेली बरणी होती आणि तिच्यात लोक सुटे टाकत होते. व्हर्न पेट्रोल भरायला गेला आणि बरणी बघून पेट्रोल न भरताच परतला. लाजेने त्याच्या कानशिलांना चटके बसत होते. चाळीस वर्षं ज्यांचे पियानो लावले, त्यांनी आपल्या बायकोसाठी बरणी ठेवावी! त्यापेक्षा कर्टिसने गोळी घातली असती तर बरं झालं असतं, असं तो आर्लिसला म्हणाला.

"जायला हवं," आर्लिस म्हणाली. "त्यांनी स्वयंपाक केलाय."

अख्खं गाव आलं होतं. लांबच लांब टेबलं, त्यावर बटाट्याच्या गोळ्यांचं आणि खिम्याचं भट्टीत भाजलेलं हॉटडिश, प्रत्येक घरचं वेगळं आणि चवीला सगळी एकच. लोक आर्लिसपाशी येऊन खांद्याला हात लावत होते आणि "कसा आहे खुबा?" विचारत होते, आणि ती "तसा बरा आहे" म्हणत होती. जेवण उरकलं. लव्हॉनने एक जाडसर पाकीट आणून टेबलावर ठेवलं. व्हर्न उठून उभा राहिला. त्याने इस्त्री केलेला शर्ट घातला होता आणि भाषण पाठ केलं होतं.

"तुम्हा सगळ्यांचे फार आभार," तो म्हणाला. "पण खरं म्हणजे आमचं तसं ठीक चाललंय. हे पैसे दुसऱ्या कोणा गरजूला द्यावेत. नोव्हेंबरात खिडकी उघडेलच. जानेवारीपासून विमा लागू होईल. आर्लिसला तशी काही घाई नाही—"

"व्हर्न, खाली बस," आर्लिस म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण व्हर्न बसला.

"मला दुखतं," ती म्हणाली.

कोणाच्या तरी हातातला काटा बशीत पडला.

"फार दुखतं. मार्चपासून एकही रात्र मी नीट झोपले नाहीये. कूस बदलायची तर उशीत तोंड खुपसून बदलते, व्हर्न उठू नये म्हणून. तो पियानो लावायला गेला की मी जिना बसून चढते, मागे सरकत, लहान मुलांसारखी. खोपट्यात चढवलंत तेव्हा मला वाटलं मी मरणार. आणि मी म्हणाले छान आहे." तिने पाकिटावर हात ठेवला. "या पाकिटात खुबा बदलण्याइतके पैसे नाहीत, लव्हॉन. मला माहीत आहे. तुम्ही केलंत ते पुष्कळ आहे, मी ते घेणार. पण मला बरं आहे असं मी आता म्हणणार नाही. मला बरं नाहीये."

आमच्या तळघरात असं जाहीरपणे कोणी कधी बोललेलं नव्हतं. लोक बश्यांकडे बघत राहिले. चर्चच्या पास्टरबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. मग पलीकडच्या टेबलावरून डुएन म्हणाला, "माझा गुडघा."

सगळे वळले.

"माझा गुडघा दोन वर्षं झाली गेलाय. मी गवताच्या गाडीवर बसून का फिरतो दिवसभर? मला चालवत नाही."

"मग दाखवत का नाहीस?" व्हर्न म्हणाला. "तुझा तो कांस्य आहे ना?"

"माझा विमाच नाहीये, व्हर्न."

"कांस्य?"

"कांस्य नाही, काही नाही. हप्ता भरणं झेपेना म्हणून सोडून दिला."

"अरे, मग मला तीन महिने सल्ला कसला देत होतास?"

"सल्ला द्यायला विमा लागतो का?" डुएन म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवून रुमालाने नाक पुसलं.

मग काय, बांधच फुटला. कोणी म्हणालं मी रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करून घेते. कोणाची दाढ वर्षभर ठणकत होती. लव्हॉनच्या बहिणीचं ते ऑपरेशन, ज्याचा इतिहास सगळ्या गावाला पाठ होता, ते अजून व्हायचंच होतं. तासभर आमचं गाव कण्हत होतं. त्यातून कोणाला विमा मिळाला नाही. जूनअखेरची ती संध्याकाळ होती, आणि नोव्हेंबर जिथल्या तिथेच होता. पाकिटातल्या पैशांत, पुढे कळलं, खुब्याचे नवे एक्स-रे आणि दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या आल्या.

कांस्यात काय मिळतं, रौप्यात काय मिळतं, भूल देणारा कुठल्या यादीत आहे, सगळं व्हर्नला तोंडपाठ होतं. शेजारी झोपणाऱ्या बाईला किती दुखतं, तेवढं त्याने विचारलं नव्हतं.

निघायची वेळ झाली. तळघरातून वर जायला जिना, चांगला उभा. आर्लिस कठड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. मागे गाव रेंगाळत होतं. कोणालाच कुठे बघावं कळत नव्हतं. कर्टिस आणि आणखी दोघं धरायला पुढे झाले.

"थांबा," व्हर्न म्हणाला. "घरी बसून चढतेस ना? मग इथेही बसूनच चढ."

"सगळ्यांसमोर?"

इस्त्रीच्या शर्टासकट व्हर्न पहिल्या पायरीवर गावाकडे तोंड करून बसला आणि शेजारची जागा त्याने हाताने झटकली. आर्लिस त्याला धरून हळूहळू खाली टेकली. मग दोघं हातांवर भार देऊन, मागे सरकत, एकेक पायरी वर निघाली. खाली अख्खं गाव माना वर करून बघत होतं.

"दुखतंय?" मध्येच व्हर्नने विचारलं.

"हो," आर्लिस म्हणाली.

"मग थांबू थोडं," तो म्हणाला, आणि दोघं तिथेच बसून राहिली.